मूळ थिएटरचा आवाज जपताय? या चुका टाळा

जुन्या सिनेमाची नवी प्रत लावली की चित्र लखलखीत दिसतं, आणि पाच-दहा मिनिटांत लक्षात येतं की आवाज तो नाही. पावलांचे आवाज बदललेत, पार्श्वसंगीत नव्यानं वाजवलंय, एका कर्ण्यातून येणारे संवाद ओढूनताणून पाच कर्ण्यांत वाटलेत. ‘मुघल-ए-आझम’ 2004 मध्ये रंगीत होऊन आला तेव्हा त्याचं पार्श्वसंगीत नव्यानं रेकॉर्ड केलं होतं; गायकांचे मूळ आवाज तेवढे ठेवले. ज्याला 1960 सालचं मिक्स, म्हणजे संवाद, संगीत आणि इतर आवाज एकत्र बांधून केलेला ट्रॅक, ऐकायचा आहे त्याला जुन्या प्रतीच धुंडाळाव्या लागतात. तिकडे ‘स्टार वॉर्स’ची 1977 मध्ये तीन मिक्स होती: 70 मिमीच्या प्रिंटसाठी सहा ट्रॅकचं, 35 मिमीसाठी स्टिरिओ आणि साध्या थिएटरांसाठी मोनो. मोनोत काही संवादही वेगळे होते. ते मोनो मिक्स आज ऐकायला मिळतं ते चाहत्यांनी जपलं म्हणून.

कोल्हापूरला मूळ आवाज जपायचं हे काम परकं वाटायचं कारण नाही. ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट प्रभातनं 1932 मध्ये इथंच तयार केला, आणि प्रभातमध्ये आवाजाची बाजू विष्णुपंत दामले सांभाळत. आज गावात कुणाच्या माळ्यावर व्हिडिओ कॅसेट पडून आहेत, कुणाकडे व्हीसीडींचं खोकं आहे, कुणी बंद पडलेल्या टॉकीजमधल्या डिस्क वाचवून ठेवल्यात. हौस भरपूर आहे. पण त्याच त्या चुकांनी चांगला माल वाया जातो, तेव्हा त्या इथं मांडतो.

पहिल्याच प्रतीची ‘सफाई’

सगळ्यात जास्त नुकसान यानं होतं, म्हणून आधी हेच. कॅसेटवरून आवाज संगणकात घेतला की खरखर ऐकू येते आणि हात लगेच नॉइज रिडक्शनकडे, म्हणजे खरखर पुसणाऱ्या सोयीकडे, जातो. खरखर जाते, पण तिच्याबरोबर ‘स’ आणि ‘श’ची धार जाते, घुंगरांचा शेवटचा नाद जातो, तंबोऱ्याचा झंकार बोथट होतो. सुरुवातीच्या बोलपटांत तर संवाद, गाणं आणि साथ हे सगळं चित्रीकरणाच्या वेळीच एकत्र रेकॉर्ड व्हायचं. आपल्याकडे पार्श्वगायन आलं ते 1935 मध्ये. नट कॅमेऱ्यासमोर गातोय आणि साथीची मंडळी चौकटीच्या बाहेर बसून वाजवताहेत. त्या मागच्या घरघरीतच खोली किती मोठी होती, साथीदार किती लांब बसले होते, हे कानाला कळतं. घरघर पुसली की ते सगळं जातं आणि मधे नुसता सपाट आवाज उरतो.

कच्ची प्रत 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर घ्या, वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये (आवाज न घटवणारे फाइल-प्रकार) ठेवा, आणि तिला पुन्हा हात लावू नका. पातळी शिखराला उणे 6 डेसिबलच्या आसपास राहील एवढीच ठेवा. एकदा शिखर कापलं गेलं की ते परत येत नाही. नॉर्मलाइझ, म्हणजे सगळी पातळी एकदम उचलणं, नको. फाइलचा एमडीफाइव्ह (फाइलच्या ठशासारखा आकडा) काढून शेजारी मजकूर-फाइलमध्ये लिहून ठेवा, म्हणजे पुढं कुणाच्या हार्ड डिस्कवरून परत आली तर तीच आहे का हे तपासता येईल. साफ करायची हौस असेल तर कॉपीवर करा आणि नावात तसं लिहा. दुसऱ्याला द्यायची तर पेनड्राइव्हवर द्या. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाते, आणि तीच पुढं ‘मूळ’ म्हणून फिरत राहते.

वेग न तपासता पुढं जाणं

सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमनं चालतो, पाल व्हिडिओ (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) 25 नं. आपल्याकडच्या व्हिडिओ कॅसेट पालच्या, व्हीसीडी बहुतेक पालच्या. डीव्हीडी मात्र बऱ्याचदा एनटीएससी (अमेरिकेतली पद्धत) असतात, म्हणून प्रत्येक प्रत वेगळी तपासायची. पालवर सिनेमा 4 टक्क्यांहून थोडा जास्त वेगानं पळतो: 150 मिनिटांचा सिनेमा 144 मिनिटांत संपतो. आणि आवाज चढतो. पेटीच्या भाषेत सांगायचं तर काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या अगदी जवळ जाऊन बसतं. कान तयार असलेल्या माणसाला नायिकेचा आवाज बारीक झालेला लगेच जाणवतो, पण इतरांना वर्षानुवर्षं व्हीसीडी ऐकून तोच मूळ वाटायला लागतो.

तपासायच्या दोन खात्रीच्या वाटा आहेत. पहिली, सेन्सॉरचं सर्टिफिकेट. सुरुवातीला ते पडद्यावर येतं तेव्हा पॉज करा. त्यावर लांबी मीटरमध्ये आणि रिळांची संख्या दिलेली असते. 35 मिमीची फिल्म मिनिटाला 27.4 मीटर जाते. म्हणजे 4,115 मीटर लिहिलं असेल तर सिनेमा 150 मिनिटांचा. तुमची प्रत 144 मिनिटांची निघाली तर पालचा वेग. 137 ची निघाली तर वेगाबरोबर काही भागही गेलाय. सर्टिफिकेटनंतर काटछाट झालेली असू शकते, तेव्हा हा आकडा अंदाजाचा धरा, पण 6 मिनिटांची तूट का पडली हे त्यावरून कळतं.

दुसरी वाट मला जास्त आवडते, कारण पुरावा आवाजातच असतो. आपली वीज 50 हर्ट्झची. मूळ रेकॉर्डिंगच्या वेळी विजेची गुणगुण ट्रॅकमध्ये शिरली असेल, तर पालच्या प्रतीत ती 52 हर्ट्झच्या जरा वर दिसते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये एखादा शांत प्रसंग निवडा, प्लॉट स्पेक्ट्रम (कुठल्या कंपनाचा आवाज किती, याचा आलेख) उघडा, विंडो 65536 ठेवा आणि डाव्या टोकाचं शिखर पाहा. 52 आलं तर ती गुणगुण सिनेमाबरोबर पळालेली आहे आणि वेग कमी करायला हवा. नेमकं 50 आलं, आणि लांबीवरून मात्र प्रत पालच्या वेगाची ठरतेय, तर गुणगुण नंतरची: व्हिडिओवर घेताना शिरलेली, नाहीतर तुमच्याच घरातली. घरातली असेल तर उपाय सोपा आहे. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा, व्हीसीआरला लागलेली केबल टीव्हीची वायर सोडवा, सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या. त्यानं थांबली तर पुन्हा रेकॉर्डिंग करा. फिल्टर लावून 50 हर्ट्झ कापत बसू नका, ढोलकीच्या डग्याचा खर्जही त्याबरोबर जातो.

वेग दुरुस्त करताना ‘चेंज टेम्पो’ वापरू नका, त्यानं वेग बदलतो पण चढलेला सूर तसाच राहतो. ‘चेंज स्पीड’मध्ये गुणक 0.96 द्या, 24 भागिले 25 म्हणजे बरोबर तेवढंच. गाणं भलतंच, म्हणजे दीड पट्टीनं चढलेलं किंवा उतरलेलं वाटत असेल तर तो पालचा दोष नव्हे, 44.1 किलोहर्ट्झची फाइल 48 समजून उघडली गेलीय किंवा उलट.

मेळ सुरुवातीलाच बघून समाधान मानणं

चित्रावर आवाज बसवताना पहिला संवाद ओठांवर बसला की लोक फाइल बंद करतात. निदान तीन ठिकाणी बघा: सुरुवात, इंटरव्हलच्या आधी, शेवट. फरक सावकाश वाढत असेल तर वेगाचा प्रश्न आहे. सिनेमाचा 24 आणि एनटीएससीशी जुळवलेला 23.976 या फ्रेमवेगांमधला फरक तासाला 3.6 सेकंदांचा होतो. तो सरळ वेगानं सुटतो. फरक अचानक उडी मारत असेल तर फ्रेम गेल्यात. रिळाची टोकं जास्त झिजतात, ऑपरेटर तुटलेला भाग कापून जोडतो, आणि दर रिळाला थोडंथोडं कमी होत जातं. अशा ठिकाणी आवाज ताणून जागा भरायची नाही. जिथं जोड आहे तिथंच कापा, तेवढी शांतता घाला किंवा दुसऱ्या प्रतीतला तुकडा बसवा, आणि नोंद करा. 48 किलोहर्ट्झला एक फ्रेम म्हणजे बरोबर 2,000 सॅम्पल, त्यामुळे हिशेब स्वच्छ होतो.

प्रिंट स्कॅन करून ट्रॅक काढला असेल तर आवाज चित्राच्या सुमारे 20 फ्रेम पुढं निघेल. फिल्मवर तो तसाच छापलेला असतो, कारण प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारा भाग चित्राच्या खिडकीखाली असतो. सगळा ट्रॅक एकदाच सरकवला की झालं.

आणि एक: ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत झाला. त्या काळात दोन्ही भाषांचे प्रसंग वेगवेगळे चित्रित होत, त्यामुळे एकीतली खराब ओळ दुसरीतल्या आवाजानं भरायचा मोह होऊ देऊ नका, गाण्याच्या मधल्या तुकड्यांतसुद्धा नाही.

मोनोला स्टिरिओ करणं, आणि स्टिरिओला मोनो समजणं

आपले जुने मराठी सिनेमे मोनो आहेत. पडद्यामागे मधोमध एक कर्णा, त्यातून सगळं. त्यात उणीव काहीच नाही, मिक्स करणाऱ्यानं तसंच ऐकून ते बांधलं होतं. पाच कर्ण्यांत पसरवू नका. प्रत खरी मोनो आहे का हे बघायला एक चॅनेल उलटा करून दुसऱ्यात मिसळा: शांतता झाली तर मोनो. मागं काहीतरी हलतं, पोकळ ऐकू येतं, तर कुणीतरी खोटा स्टिरिओ केलाय किंवा कॅसेटचं हेड तिरकं बसलंय. हेड आधी नीट करा.

1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या डॉल्बी स्टिरिओत मात्र दोनच ट्रॅकमध्ये डावा, उजवा, मधला आणि मागचा असे चार चॅनेल गुंफलेले असतात. ते दोन ट्रॅक जसेच्या तसे ठेवा, वेगळे करायचं काम ऐकताना डीकोडरवर सोडा. संवाद मागच्या कर्ण्यांतून झिरपत असतील तर दोन ट्रॅकमध्ये बारीकसा वेळेचा किंवा पातळीचा फरक पडलाय. अर्ध्या सॅम्पलचा फरकही वरच्या सुरांत ऐकू येतो.

‘आवाज कर्कश आहे’ म्हणून इक्वलायझर फिरवणं

जुन्या ऑप्टिकल ट्रॅकवरून (फिल्मच्या कडेला छापलेल्या आवाजावरून) थेट घेतलेला आवाज टोचतो. बिघाड कशाचाच झालेला नसतो. थिएटरचे कर्णे आणि पडदा वरचे सूर खूप खाली आणत, ते गृहीत धरून मिक्समध्ये ते उचलून ठेवलेले असत. ही घट अ‍ॅकॅडमी कर्व्ह म्हणून ठरलेली आहे. कच्ची प्रत टोचरीच राहू द्या आणि ऐकायच्या प्रतीवर तो कर्व्ह लावा. कानाला बरं वाटेल तसं हातानं फिरवलं की प्रत्येकाचा सिनेमा वेगळा होतो. याच ट्रॅकवर 8 किलोहर्ट्झच्या वर फारसं काही नसतं, ते शोधायला जाऊ नका.

टॉकीजमधल्या डिस्क

1993 पासून डीटीएस या डिजिटल आवाजपद्धतीच्या प्रिंटबरोबर सीडी यायच्या. फिल्मवर फक्त टाइमकोड (वेळेच्या खुणा), आवाज डिस्कवर. प्रिंट झिजली तरी डिस्कवरचा आवाज टवटवीत राहतो, म्हणून त्या भंगारात जाऊ देऊ नका. पण उतरवताना दोन गोष्टी विसरल्या जातात. थिएटरच्या डीटीएसमध्ये सबवूफरचा स्वतंत्र ट्रॅक नसतो, 80 हर्ट्झखालचा खर्ज मागच्या दोन चॅनेलमध्ये भरलेला असतो. तो वेगळा काढला नाही तर मागचे कर्णे गदगदतात आणि सबवूफर गप्प राहतो. शिवाय थिएटरमध्ये मागचे कर्णे पुढच्यांपेक्षा 3 डेसिबलनं खाली लावलेले असतात. घरी सगळे सारखे असतात, तेव्हा ऐकायच्या प्रतीत ते तेवढे उतरवा. डॉल्बी डिजिटलची फाइल एफएफएमपेग या प्रोग्रॅमनं उघडताना डीआरसी स्केल (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारी सोय) शून्य ठेवा, नाहीतर बंदुकीचा बार आणि कुजबुज जवळ जवळ येतात.

‘खराब प्रत’ म्हणून टाकून देणं

224 किलोबिट आवाजाची व्हीसीडी ऐकायला सुमार असते. पण नवं मिक्स यायच्या आधीची ती एकच प्रत उरलेली असू शकते. आमच्याकडे एका दुकानदारानं जुना माल एकरकमी भंगारवाल्याला दिला आणि त्यात काय होतं हे आता कुणालाच सांगता येत नाही. सिनेमाच्या संवादांच्या ग्रामोफोन तबकड्या मात्र मिक्स म्हणून धरू नका. त्या काटछाट करून बांधलेल्या असतात, पडताळणीपुरत्या ठेवा.

कोल्हापूरचा पावसाळा कॅसेटचा शत्रू आहे. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरे ठिपके दिसले तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. आधी कोरड्या जागी, सिलिका जेलबरोबर बंद डब्यात ठेवून वाळवा, मग सफाईच्या जाणकाराकडे द्या. व्हीसीआर हायफाय असेल तर हायफाय ट्रॅकही घ्या आणि साधाही, दोन्ही वेगवेगळ्या फाइलमध्ये.

रिळं हाती लागली तर

डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर अ‍ॅसिटेट फिल्म कुजायला लागलीय. तो डबा इतरांपासून वेगळा, हवेशीर ठेवा. 1950 च्या आसपासची किंवा त्याआधीची रिळं असतील तर ती नायट्रेट असू शकतात. ती पेटली की पाण्यानं विझत नाहीत, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन त्या फिल्ममध्येच असतो. 2003 च्या जानेवारीत पुण्यात एफटीआयआय या चित्रपट शिक्षणसंस्थेच्या आवारात लागलेल्या आगीत मोठा नायट्रेट साठा गेला. अशी रिळं घरात ठेवू नका, प्रोजेक्टरवर लावून तर मुळीच बघू नका. 1964 मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यातच आहे, तिथं कळवा.

कायद्याचंही भान ठेवा. सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर 60 वर्षं चालतो, तेव्हा मुदतीतल्या सिनेमाची तयार प्रत सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकू नका. चालू थिएटरमध्ये रेकॉर्डिंग करण्याचा विचार तर सोडाच. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान तीन महिन्यांची कैद आहे.

रिळं देताना डब्यावरची लेबलं, टॉकीजचे शिक्के, आत ठेवलेल्या ऑपरेटरच्या चिठ्ठ्या काढू नका. कुठल्या रिळात किती फूट कापलं हे त्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, आणि मेळ बसवताना उडी नेमकी कुठं येते याचा शोध तिथूनच लागतो.