चाकातून आवाज येतोय? बेअरिंग बदलण्याआधी या चुका टाळा

दर रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणीतरी मला गाठतंच. "दादा, जरा ऐका ना, पुढून घूं घूं येतंय, बेअरिंगच असणार ना?" आणि अर्ध्या लोकांनी विचारायच्या आधीच बेअरिंग (चाक ज्यावर गरगर फिरतं ते गोळ्यांचं कडं) ऑनलाइन मागवलेलं असतं. अरे बाबा, आवाज कधी येतो, वळताना की सरळ जाताना, ब्रेक दाबल्यावर वाढतो की थांबतो, एवढं तरी बघून ये की.

घूं घूं म्हणजे बेअरिंगच

ही चूक मी स्वतः केलीय म्हणून जास्त चिडचिड होते. माझी २००९ ची हॅचबॅक, घोडबंदर रोडला साठच्या पुढे गेली की विमान उडाल्यासारखा आवाज. एका गॅरेजवाल्याने कापूरबावडीपर्यंत एक चक्कर मारली आणि ठामपणे सांगितलं, पुढचं डावं बेअरिंग. बदललं. आवाज तसाच. मग म्हणाला उजवंही गेलं असेल. तेही बदललं, पैसे गेले, दोन शनिवार गेले आणि गाडी आपली घूं घूं करतेच आहे.

शेवटी एका रविवारी सकाळी सहाला पाम बीच रोडला नेली, कारण तिथे रस्ता गुळगुळीत आणि त्या वेळी ट्रॅफिक नाही. एका वेगाला ठेवून क्लच दाबला, इंजिनचे आरपीएम खाली आले पण आवाज हलला नाही, म्हणजे भानगड चाकाकडचीच. (चावी बंद करून ही टेस्ट करणारे महाभाग मी पाहिलेत, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं रे, मरायचंय का?) मग हलके डावीउजवीकडे झोल दिले. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांवर येतं, त्यामुळे डावं बेअरिंग खराब असेल तर बहुतेक वेळा तेव्हा आवाज वाढतो. माझा काहीच बदलला नाही. बदलला कधी, तर डांबरावरून काँक्रीटवर आल्यावर. तिथेच डोक्यात लाइट पेटली, हा आवाज टायरचा.

घरी येऊन मागच्या टायरवरून हात फिरवला. एका दिशेने मऊ, उलट्या दिशेने करवतीचे दात, म्हणजे टायर वाकडातिकडा झिजलेला. अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत लावणं) कधी केलं होतं ते मलाच आठवेना. मागचे टायर पुढे टाकले तर आवाज पण बदलला. बस्स, बेअरिंग दोन्ही नाहक बदलली. गाडीत बसून आवाज पुढून येतोय की मागून हे कानाला कळत नाही, पत्रा सगळीकडे आवाज फिरवतो. म्हणून मी आता जॅकवर चाक उचलून एक हात स्प्रिंगवर ठेवतो आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवतो, खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना सरळ लागते. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली मात्र घुसायचं नाही, स्टँड लावायचा.

पंक्चर काढून आलात आणि नट बघितलेच नाहीत

शेजारच्या काकांची गाडी, आदल्या दिवशी पंक्चर काढलेलं, ऐरोली ब्रिजवर डाव्या बाजूने टक टक. त्यांना वाटलं ब्रिजच्या जॉइंटचा आवाज, पण ब्रिज संपला तरी टक टक चालूच. रबाळ्याला थांबून बघतात तर चारपैकी तीन नट हाताने फिरतायत! मी तेव्हापासून कोणी नट आवळायची कितीही गन लावू दे, पन्नासेक किलोमीटरनंतर स्वतः पाना लावतोच. चाक हवेत असताना हाताने बसवायचे, गाडी खाली घेऊन समोरासमोरचे आवळायचे, एकामागे एक गोल फिरत नाही. आणि पान्यावर उभं राहून उड्या मारणं बंद करा, नट ज्यावर बसतात ते स्टड पिळवटतात. लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर लागतं, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे, उघडा कधीतरी.

बाकीच्या पटापट सांगतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवताना कट कट येत असेल तर सीव्ही जॉइंट (इंजिनची ताकद वळणाऱ्या चाकापर्यंत नेणारा सांधा) बघा, त्याच्यावरचं रबरी बूट, म्हणजे ग्रीस धरून ठेवणारं आवरण, फाटलं असेल तर रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसतात. कट कट सुरू व्हायच्या आधी सापडलं तर नुसतं बूट आणि ग्रीसवर भागतं.

पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीचा सकाळचा पहिला ब्रेक खरखरतो, तो ब्रेकच्या डिस्कवरचा (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवरचा) गंज, दोनचार ब्रेकमध्ये जातो. पण रोज चीं चीं येत असेल तर ब्रेक पॅड संपत आलेत का बघा. डिस्कवर तेलाचा स्प्रे मारणाऱ्याला माझ्याकडे पाठवू नका, मी बोलणार नाही त्याच्याशी.

अचानक पत्रा घासल्यासारखा कर्कश आवाज आला, तर बऱ्याचदा डिस्कमागच्या पत्र्यात खडी अडकलेली असते. थोडी रिव्हर्स घ्या, पुढे घ्या, पडते.

आणि व्हीलकॅप काढून बघा हो आधी. गेल्या महिन्यात एकाची सस्पेन्शनची खडखड मी दोन मिनिटांत बंद केली, कॅपच्या आत एक सुटा नट फिरत होता.