बिझनेस शिकायला कोणता देश? देश ठरवताना या चुका टाळा

घरात ‘एमबीएला बाहेर पाठवायचं’ असं ठरलं की चर्चा थेट देशावर येते. मावसभाऊ कॅनडात आहे म्हणून कॅनडा, शेजारची मुलगी लंडनला गेली म्हणून युके. पण त्याआधी घरात बसून एक गोष्ट मोकळेपणानं बोलून घ्यायला हवी. शिकून झाल्यावर पोरगं किंवा पोरगी आपल्या कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत, इचलकरंजीच्या कारखान्यात परत येणार आहे, की तिकडंच नोकरी धरणार आहे? हे न ठरवता देश निवडणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

परत यायचं असेल तर शिक्षणानंतर किती वर्षं राहता येतं, याला फारसं महत्त्व उरत नाही. मग युकेची एक वर्षाची मास्टर्स सोयीची, कारण राहण्याखाण्याचा दुसऱ्या वर्षाचा खर्च वाचतो. तिथला ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे शिकून झाल्यावर तिथं राहून नोकरी करू देणारा व्हिसा, सध्या दोन वर्षांचा आहे. १ जानेवारी २०२७ पासून मास्टर्सनंतर अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिन्यांचाच मिळेल. परतणाऱ्याला त्यानं फरक पडत नाही. पण कर्जाचे हप्ते तिकडच्या पगारातून फेडायचे असतील, तर कमी झालेले सहा महिने फार जड जातात.

‘जर्मनीत फुकट आहे’

हे अर्धंच खरं आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नसते, पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही आता फी लावली आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एमबीएला सरकारी विद्यापीठांतही फी असते आणि आधीचा नोकरीचा अनुभव लागतो. फी नसते ती मॅनेजमेंटच्या एमएस्सीसारख्या पदव्यांना. तिथं पुन्हा पदवीत बिझनेस आणि अर्थशास्त्राचे किती क्रेडिट झालेत ते मोजतात. म्हणून मेकॅनिकल इंजिनिअर झालेल्या मुलाचा अर्ज गुण चांगले असूनही बाद होतो, आणि बीकॉमवाल्याला तीच वाट मोकळी असू शकते. कोर्सच्या पानावरची प्रवेशाची अट शब्दन् शब्द वाचा.

आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं एपीएस प्रमाणपत्र जर्मनीच्या व्हिसाला लागतं; त्याला वेळ लागतो, ते आधी काढा. ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. आणि कोर्स इंग्रजीत असला तरी सेल्स, एचआर, अकाउंट्समधली नोकरी जर्मन भाषेवाचून मिळणं अवघड आहे. भाषा इथूनच सुरू करा. फाउंड्रीवाल्या घरांना मात्र मी जर्मनीचा विचार जरूर करायला सांगेन: ओतकामाचं गिफा (GIFA) हे मोठं प्रदर्शन दर चार वर्षांनी ड्युसेलडॉर्फला भरतं, आणि तिथल्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलता येणं ही धंद्याला कायमची मिळकत आहे.

कॅनडाचा डिप्लोमा, अमेरिकेचा कोड

कॅनडात कॉलेजचा बिझनेस डिप्लोमा करून वर्क परमिट मिळवायचं, हा जुना हिशेब आता चालत नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटचा अर्ज करणाऱ्यांना डिप्लोमानंतरचं वर्क परमिट ठरावीक विषयांनाच मिळतं, आणि साधं बिझनेस मॅनेजमेंट त्यात बसत नाही. विद्यापीठाच्या मास्टर्सला ही विषयाची अट नाही.

अमेरिकेत ओपीटी, म्हणजे शिकून झाल्यावर नोकरी करायची परवानगी, बारा महिन्यांची. कोर्स स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) गटात असेल तर आणखी चोवीस महिने मिळतात. बिझनेस अ‍ॅनालिटिक्स बऱ्याचदा त्या गटात असतं, साधं मार्केटिंग बहुधा नसतं. कोर्स कोणत्या गटात आहे ते त्याच्या सीआयपी कोडवरून, म्हणजे विषयाच्या सरकारी क्रमांकावरून ठरतं; तो विद्यापीठाकडून लेखी मागवा. त्यापुढचा एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा सोडतीवर आहे, त्याच्या भरवशावर कर्ज काढू नका.

पैशाची कागदपत्रं

आपल्याकडं इथं बरेच अर्ज अडतात. चार एकर ऊस आहे म्हणून कर्ज मिळेलच असं नाही; शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला घेत नाहीत. घर किंवा एनए (बिगरशेती) प्लॉट लागतो. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचं नाव असेल तर वारसनोंद आधी लावून घ्या, प्रवेशाचं पत्र आल्यावर धावपळ करून ती होत नाही.

एकत्र कुटुंबात पैसे काकांच्या खात्यावर असतात. युके व्हिसासाठी ते धरत नाही. खातं विद्यार्थ्याचं किंवा आईवडिलांचं लागतं आणि रक्कम सलग २८ दिवस त्यात राहावी लागते. उसाचं बिल आलं, दाखवलं आणि पाचव्या दिवशी सोसायटीला भरलं, तर अर्ज नाकारला जाणार. २८ दिवस पूर्ण नसतील तर थांबा, व्हिसाची फी भरून नकार घेऊ नका.

एजंटाला बऱ्याचदा विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, तेव्हा त्यानं न सुचवलेली दोन नावं स्वतः शोधा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिला क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीची अट असल्यानं विद्यापीठ निवडण्याआधीच जाहिरात वाचा. शाहू महाराजांच्या गावातल्या पोरांनी ती माहीत नाही म्हणून सोडू नये, असं मनापासून वाटतं.

डिपॉझिट भरून बसला असाल आणि आता शंका येत असेल, तर विद्यापीठाचे रिफंडचे नियम काढा. व्हिसा नाकारला तर एक नियम असतो, आपण माघार घेतली तर दुसरा. प्रवेश पुढच्या इनटेकला (प्रवेशाच्या पुढच्या फेरीला) ढकलता येतो का, ते ईमेलवर विचारा आणि उत्तर येईपर्यंत पुढचा हप्ता भरू नका.