बूस्ट आला की गाडी दम का सोडते?

जुनी टर्बो गाडी हळू चालवताना ठीक, पण ॲक्सिलरेटर दाबून बूस्ट (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब) वाढला की दम सोडते, असं झालं तर लगेच टर्बो बदलायला काढू नका. टर्बो बिचारा बरेचदा शाबूत असतो.

आधी टर्बोपासून इंटरकूलर (ही हवा थंड करणारा भाग) आणि पुढे इंजिनपर्यंतचे रबरी होज हाताने चाचपा, अर्थात इंजिन थंड असताना. खालच्या बाजूची चीर डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळते. क्लॅम्पपाशी तेलकट ओल दिसली तर हवा तिथूनच निसटत असण्याची शक्यता मोठी. जोर दिल्यावर फुस्स आवाज आणि डिझेल गाडीत काळा धूर, हीसुद्धा त्याचीच खूण. खात्री हवी असेल तर पाइपिंगमध्ये साधारण 1 बारपर्यंत हवा भरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे जागा दाखवतात. वेस्टगेटकडे (बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप) जाणाऱ्या बारीक व्हॅक्यूम नळ्याही वाळून तडकतात, त्या विसरू नका.

गळती नाही, पण पेट्रोल गाडी धक्के देत अडखळते? मग स्पार्क प्लग काढा. झिजून गॅप (ठिणगी पडते ती फट) वाढला की वाढलेल्या दाबात ठिणगी टिकत नाही. गॅप गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच ठेवा. त्यानंतर फ्युएल फिल्टर तपासा.