मोठं अजून बोलत नाही आणि दुसरं बाळ येतंय: बाळंतपणाआधी काय काय उरकायचं

दोन वर्षांचं मूल चार-पाच शब्दांवरच अडलं असेल आणि घरात दुसऱ्या बाळाची चाहूल लागली असेल, तर एक अडचण हमखास नजरेआड होते. मुलाचं म्हणणं फक्त आईला कळतं, आणि बाळंतपणाच्या दिवशी तीच घरात नसते. ‘ब्बा’ म्हणजे चेंडू की पाणी, हे घरात उरलेल्या कुणालाच सांगता येत नाही. मूल रडतं, आपटतं, चावतं, आणि मग त्याच्यावर हट्टीपणाचा शिक्का बसतो. म्हणून बाळंतपणाआधीचं सगळ्यात मोठं काम म्हणजे आईच्या डोक्यातली ही माहिती घरातल्या बाकीच्यांच्या हाती देणं. बाळाचे कपडे शेवटच्या आठवड्यातही घेता येतात, याला मात्र वेळ लागतो.

आधी कान, मग बाकीचं

पहिली भेट श्रवणतज्ज्ञाची. जन्मानंतरची चाचणी नीट आली होती, म्हणून ही टाळू नका. सर्दीनंतर मधल्या कानात पाणी साचून राहू शकतं. ते बऱ्याचदा दुखत नाही, पण आवाज दबका पोहोचतो. घरी टाळी वाजवून बघण्याला तपासणी म्हणत नाहीत. टाळीचा मोठा आवाज ऐकू येणाऱ्या मुलालाही ‘स’, ‘श’ यांसारखे बारीक आवाज निसटलेले असू शकतात.

दुसरी भेट बालरोगतज्ज्ञ आणि वाचा-भाषा तज्ज्ञ म्हणजे स्पीच थेरपिस्टची. जाण्याआधी शब्दांची यादी करा. ‘भूभू’, ‘माऊ’ हेसुद्धा शब्दच, फक्त ते दर वेळी त्याच गोष्टीसाठी आले पाहिजेत. घरात दोन भाषा असतील तर दोन्हींतले शब्द मिळून मोजा. दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही, त्यामुळे एक भाषा बंद करायचं कारण नाही. दोन वर्षांच्या सुमारास साधारण ५० शब्द आणि ‘बाबा ये’सारखी दोन शब्दांची जोडी अपेक्षित असते.

पुढच्यापैकी काही दिसलं तर भेट पुढे ढकलू नका: १ वर्ष उलटूनही बोट दाखवणं किंवा टाटा करणं नाही, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, नावाने हाक मारल्यावर बघत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले.

‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘जीभ चिकटलेली असेल’, ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ हे सगळं ऐकावं लागेल. मुलगे सरासरीने किंचित मागे असतात, वर्षभर नव्हे. चिकटलेल्या जिभेमुळे काही उच्चार अडू शकतात, पण शब्दच येत नाहीत असं होत नाही. घराण्यात कुणी उशिरा बोललेलं असणं हे तर तपासणी लवकर करण्याचं कारण आहे. बरीच मुलं पुढे आपोआप बरोबरीला येतात हे खरं, पण त्यांत आपलं मूल असेल की नाही हे आधी कुणीच सांगू शकत नाही.

मळमळ ओसरल्यानंतरचे आणि पोट जड होण्याआधीचे मधले तीन महिने या भेटींना सोयीचे. थेरपीला दर वेळी आईनेच जाऊ नये. बाळंतपणात मूल ज्याच्याजवळ राहणार आहे, त्याला सोबत न्या आणि थेरपिस्टच्या परवानगीने दहा मिनिटं मोबाइलवर चित्रित करा. तोंडी सांगितलेलं तंत्र घरी येईपर्यंत निम्मं विसरलेलं असतं.

घरी बोलायचं कसं

थेरपीचा तास आठवड्यातून एखादा, अंघोळ मात्र रोज. खरी शिकवणी तिथेच होते. सुरुवातीला ८ ते १० शब्द निवडा आणि घरातल्या सगळ्यांनी तेच वापरा. नुसती नावं घेऊ नका. ‘दे’, ‘नको’, ‘अजून’, ‘झालं’, ‘उघड’, ‘वर’, ‘ये’ हे शब्द दिवसभर कामाला येतात. या यादीत ‘बाळ’ हा शब्द आत्ताच घाला.

मूल ज्याकडे बघतंय त्याबद्दल बोला. त्याच्या पातळीपेक्षा एकच शब्द जास्त ठेवा: ते ‘पाणी’ म्हणालं तर आपण ‘पाणी दे’ म्हणायचं. मग थांबायचं. मनात ५ ते १० आकडे मोजा, चेहरा उत्सुक ठेवा. सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. दोन सेकंदांची शांतता मोठ्यांना सोसत नाही, ते स्वतःच उत्तर देऊन टाकतात आणि मुलाची पाळी हुकते.

‘हे काय? ते काय?’ अशी परीक्षा घेऊ नका, आणि ‘म्हण ना, म्हटल्याशिवाय देणार नाही’ असं अडवूनही धरू नका. त्याने मूल बोलत नाही, मागणंच सोडून देतं. दोन वस्तू दाखवून ‘चेंडू? की गाडी?’ विचारा. नजर गेली, हात गेला, तरी ते उत्तर धरा, शब्द आपण म्हणा आणि वस्तू देऊन टाका.

खुणा शिकवायला घाबरू नका. ‘अजून’, ‘झालं’, ‘मदत’, ‘दुखतंय’ या चार पुरेत. खूण करताना शब्द दर वेळी मोठ्याने म्हणा. खुणांमुळे बोलणं मागे पडत नाही, उलट चिडचिड कमी होते.

जमिनीवर बसणं जड जाऊ लागलं की पलंगावर कुशीला पडून खेळा: ओढणीआड चेहरा लपवणं, गाडी पोटावरून सोडताना ‘एक, दोन…’ म्हणून थांबणं. दिवसातून दोनदा दहा मिनिटं, फोन आणि टीव्ही बंद. मागे टीव्ही सुरू असला की मोठी माणसंच कमी बोलतात.

मुलाचा शब्दकोश

एका कागदावर तीन रकाने आखा: मूल काय करतं, त्याचा अर्थ, आपण काय म्हणायचं. उदाहरणार्थ: ‘ब्बा’ – पाणी – ‘पाणी हवं’. कान ओढतं – झोप आलीय – ‘झोपायचं’. दाराशी जाऊन चप्पल उचलतं – बाहेर जायचंय – ‘भूर जाऊ’. वीसेक नोंदी होतील. आठव्या महिन्यात पूर्ण करा आणि भिंतीवर लावा. मग आईने दोन-तीन तास बाहेर राहून पाहावं की त्यावर घर चालतं का. जिथे अडेल, ती नोंद राहिलेली असते.

झोपवणं, अंघोळ ही कामंही निदान सहा-आठ आठवडे आधी दुसऱ्याकडे सोपवा. ‘आई दवाखान्यात गेली आणि बाबा झोपवायला लागले’ हे दोन धक्के एकाच रात्री नकोत. शी-शूची सवय किंवा वेगळा पलंग हे बदल एक तर आत्ता करा, नाही तर बाळंतपणानंतर काही महिन्यांनी.

बाळ येणार, हे कसं सांगायचं

न बोलणाऱ्या मुलाला प्रश्न विचारता येत नाहीत, त्यामुळे सांगताना चित्र हवं. फार लवकर सांगून उपयोग नाही, चार महिने म्हणजे किती हे त्याला कळत नाही. पोट चांगलं दिसू लागलं की छोट्या वाक्यांत सांगा: ‘पोटात बाळ. बाळ झोपतं. बाळ रडतं.’ खेळायला सोबती येणार असं सांगू नका; आलेलं बाळ खेळत नाही.

घरच्याच फोटोंचे चार कागद करा: आई दवाखान्यात, मी बाबांजवळ, बाळ, आई घरी. शेवटचे दोन आठवडे रोज दाखवा.

बाळ घरी आल्यावर

पहिले काही आठवडे, विशेषतः सिझेरियन असेल तर, मोठ्याला उचलता येणार नाही. ‘ये, बस’ ही खूण आधीच शिकवून ठेवा. आईने खाली न वाकता बसून राहायचं, मुलाने शेजारी चढून यायचं.

दूध पाजताना हाताशी एक टोपली ठेवा: दोन पुस्तकं, एक गाडी, काही ठोकळे. ती फक्त त्याच वेळी निघते. बाळाचं लंगोट बदलणं ही तर आयती थेरपी आहे: ‘ओलं. काढ. नवीन दे. झालं!’ मोठ्याने लंगोट आणून दिलं की त्याचीही पाळी झाली. त्याने बाळाला मारलं तर हात धरून ‘हळू’ दाखवा. शब्द नसलेलं मूल हातानेच बोलतं, म्हणून दोघांना एका क्षणासाठीही एकटं सोडू नका.

काही आठवडे मूल बाटली मागेल, चड्डीत शू करेल, बोबडं बोलेल. हे चालतं. पण येत असलेले शब्द बंद झाले किंवा नजरेला नजर देणं कमी झालं, तर ‘मत्सर वाटतोय’ म्हणून थांबू नका, लगेच दाखवा. आईचं मन दोन आठवड्यांहून अधिक काळ खचलेलं राहिलं तर तिलाही डॉक्टरांकडे न्या. मुलाचं बोलणं गरोदरपणामुळे लांबलेलं नसतं, हे तिला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

धाकट्याच्या कानांची चाचणी पहिल्या महिन्यातच करून घ्या. ती नीट आली नाही तर ३ महिन्यांपर्यंत निदान आणि ६ महिन्यांपर्यंत उपचार सुरू व्हायला हवेत. मोठं उशिरा बोललं हे बालरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगून धाकट्याच्या कागदांवर लिहून घ्या.