‘सपोर्ट संपला’ म्हणजे नेमकं काय संपलं? विंडोज १० वाल्यांनो, या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर सुरू केला तर सगळं जसंच्या तसं होतं. तोच वॉलपेपर, तेच आयकॉन, प्रिंटरही नेहमीसारखाच कुरकुरत चालू. खरी गोची इथेच आहे. काहीतरी बंद पडलं असतं तर माणसाने धावपळ केली असती. काहीच बदललेलं दिसत नाही, त्यामुळे निम्मे लोक निवांत बसतात आणि उरलेले घाबरून चांगली मशीन भंगारात काढतात.

ओळखीपाळखीत ‘याला जरा कॉम्प्युटरमधलं कळतं’ अशी माझी ख्याती असल्याने दोन्ही प्रकारचे लोक माझ्याकडे येतात. त्यांच्या (आणि माझ्या स्वतःच्याही) चुका इथे मांडतो.

‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?’

ऑपरेटिंग सिस्टिममध्ये (इथे विंडोजमध्ये) सुरक्षेच्या चुका, म्हणजे भोकं, सापडतच राहतात. सपोर्ट असेपर्यंत कंपनी दर महिन्याला त्या बुजवते. सपोर्ट संपल्यावर चुका सापडायच्या थांबत नाहीत, बुजवणं थांबतं. आणि इतकंच नाही. विंडोज १० आणि ११ चा बराचसा कोड सामाईक आहे. विंडोज ११ साठी एखाद्या भोकावर पॅच (दुरुस्ती) आला की तो पॅच उघडून, आधीची फाइल आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून नेमकं काय बदललं हे कुणालाही पाहता येतं. म्हणजे नव्या घराला कुलूप बसलं की जुन्या घराची कुठली खिडकी उघडी आहे, हे चोराला आपोआप कळतं. म्हणून धोका पहिल्या दिवशी फारसा नसतो. तो महिन्यागणिक साचत जातो.

१२ मे २०१७ ला पसरलेलं वॉनाक्राय (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम) आठवत असेल. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं कामकाज त्याने विस्कळीत केलं. ज्या भोकातून ते शिरलं त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता, पण विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपलेला असल्याने एक्सपीसाठी तो सर्वांना खुला नव्हता. हल्ल्यानंतर कंपनीने अपवाद करून एक्सपीलाही पॅच दिला. लोक हा किस्सा ‘जुन्या एक्सपीमुळे सगळं झालं’ असा सांगतात. प्रत्यक्षात बाधित मशीनपैकी बहुतेक विंडोज ७ वर होत्या. तेव्हा विंडोज ७ ला सपोर्ट होता, पॅचही आलेला होता, फक्त लावलेला नव्हता! ‘नंतर आठवण करून दे’ हे बटण दाबत राहणाऱ्याची सिस्टिम कितीही नवी असली तरी व्यवहारात ती सपोर्ट संपलेलीच.

‘अँटिव्हायरस आहे की’

अँटिव्हायरस ओळखीच्या चोराला पकडतो. भिंतीला पडलेलं भोक तो लिंपत नाही. यात आणखी एक गोंधळ आहे. विंडोज १० सोबत येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसला नव्या व्हायरसांची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहे, आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या अ‍ॅप्सना सिक्युरिटी अपडेट १० ऑक्टोबर २०२८ पर्यंत. या बातम्या वाचून अनेकांनी ‘२०२८ पर्यंत मुदत वाढली’ असा अर्थ काढला. वाढली ती त्या अ‍ॅप्सची. खालची सिस्टिम तिथेच आहे. आणि ऑफिस २०१६ किंवा २०१९ वापरत असाल तर त्यांचाही सपोर्ट विंडोज १० च्या बरोबरीनेच, त्याच तारखेला संपला आहे.

‘एक वर्ष जास्त मिळतं म्हणे’, पण नोंदणीच केली नाही

घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सिक्युरिटी अपडेटची योजना आणली. तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर झाली. ती आपोआप लागू होत नाही. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक येते, तिथून पुढे जावं लागतं. एक तर सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी सिंक करा, नाहीतर १,००० रिवॉर्ड पॉइंट द्या, नाहीतर ३० डॉलर भरा, असे तीन मार्ग ठेवले होते. युरोपीय देशांच्या अटी थोड्या वेगळ्या आहेत.

लिंकच दिसत नाही ही तक्रार सगळ्यात जास्त. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, ‘विनव्हर’ टाइप करा (विंडोजचं ‘विन’ आणि व्हर्जनचं ‘व्हर’, मध्ये जागा न सोडता). तिथे २२एच२ (विंडोज १० ची शेवटची आवृत्ती), बिल्ड १९०४५ दिसायला हवं. त्याहून जुनं असेल तर आधीचे राहिलेले अपडेट पूर्ण करा. मग बघा की तुम्ही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून आत आला आहात का. साध्या खात्यातून नोंदणी होत नाही, लहान मुलांच्या खात्यातूनही नाही. ऑफिसने दिलेला, कंपनीच्या डोमेनला जोडलेला लॅपटॉप असेल तर ही घरगुती योजना त्याला लागूच नाही. तिथे आयटीवाल्यांना विचारायचं.

यातून मिळतात ते फक्त सिक्युरिटी अपडेट. नवी सोय नाही, इतर बिघाडांची दुरुस्ती नाही.

‘विंडोज ११ चालणार नाही’ म्हणून मशीन विकायला काढली

माझ्या एका मित्राला कुणीतरी सांगितलं की तुझा डेस्कटॉप बाद झाला, नवा घे. मायक्रोसॉफ्टचं तपासणीचं अ‍ॅपही लाल फुली दाखवत होतं. मी प्रोसेसर पाहिला तर आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, म्हणजे विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत बसणारा. फुली होती ती टीपीएम २.० पुढे. ही सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप. तिचं काम करणारी सोय त्या मशीनमध्ये होती, फक्त बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद होती. स्वतः जुळवलेल्या डेस्कटॉपमध्ये हे सर्रास दिसतं. इंटेलच्या बोर्डवर ती ‘पीटीटी’ या नावाखाली लपलेली असते, एएमडीच्या बोर्डवर ‘एफटीपीएम’. टीपीएम असं सरळ नाव शोधत बसलात तर सापडणारच नाही.

ते चालू केलं आणि हुरूप येऊन मी त्याच बैठकीत सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद केलं, कारण विंडोज ११ ला लागणाऱ्या सिक्युअर बूटसाठी यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) हवं. सेव्ह करून रीस्टार्ट. काळा पडदा, वर एकच ओळ: बूट करण्याजोगा डिस्क सापडत नाही. मित्राने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते.

झालं असं होतं की डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने आखलेली होती आणि यूईएफआयमधून विंडोज सुरू व्हायला जीपीटी आखणी लागते. डेटा कुठेही गेलेला नसतो, घाबरून फॉरमॅट करू नका. बायोसमध्ये जाऊन सीएसएम पुन्हा चालू केलं की मशीन पूर्वीसारखी उठते. मग विंडोजमध्येच असलेलं ‘एमबीआर टू जीपीटी’ हे टूल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचं. ते फाइली न पुसता आखणी बदलतं. तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर नकार देतं, तेव्हा आधी ती कमी करावी लागतात. आखणी बदलली की त्यानंतर सीएसएम बंद. क्रम हाच. मी उलटा केला म्हणून पाऊण तास गेला.

लॅपटॉपवाल्यांसाठी वेगळा सापळा आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपल्या नकळत बिटलॉकरने कुलूपबंद असते. बायोसमध्ये सिक्युअर बूट किंवा टीपीएमला हात लावला की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, पण ते खाते कुठल्या ईमेलवर उघडलं होतं हे त्या क्षणी कुणालाच आठवत नाही. म्हणून आधी खात्यात जाऊन की पाहा, कागदावर उतरवा, बिटलॉकर तात्पुरतं थांबवा आणि मगच बायोसमध्ये शिरा. नंतर ‘तुमचा पिन उपलब्ध नाही’ असं आलं तर खात्याचा पासवर्ड वापरून नवा पिन तयार करता येतो, पण पासवर्ड माहीत हवा.

प्रोसेसरच खरोखर जुना असेल तर रूफससारख्या टूलने तपासणी वगळून विंडोज ११ टाकणारे आहेत. बहुतेकदा चालतं. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या अंगभूत सोयी नसतील तर सिस्टिम सुरूच होत नाही. कोअर टू डुओसारख्या जुन्या प्रोसेसरवर प्रयोग करत रविवार घालवू नका. स्वतःच्या हौसेच्या मशीनवर काय हवं ते करा, दुसऱ्याच्या कामाच्या मशीनवर मी हे करत नाही.

जुनं सॉफ्टवेअर नव्यावर चालेल हे गृहीत धरलं

विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. तुमचं विंडोज १० ३२ बिटचं असेल तर वरच्यावर अपग्रेड होत नाही, डिस्क साफ करून नव्याने टाकावं लागतं. आणि हिशेबाचा एखादा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा १६ बिटचा प्रोग्राम असेल तर तो ६४ बिटच्या विंडोजवर उघडतच नाही. कंपॅटिबिलिटी मोड लावूनही नाही. डॉसचा असेल तर डॉसबॉक्समध्ये, नाहीतर व्हर्च्युअल मशीनमध्ये जुनी सिस्टिम टाकून चालवावा लागतो. हे अपग्रेडच्या आधी तपासायचं. युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली कागदपत्रं असतील तर त्या फॉन्टच्या फाइलीही बाजूला काढून ठेवा, नाहीतर अर्ज उघडल्यावर नुसती चिन्हं दिसतील.

अपग्रेड फसलं तर मागे जायला साधारण १० दिवस असतात. त्यानंतर जुनी सिस्टिम आपोआप पुसली जाते. त्या १० दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचा डोंगल, सगळं एकदा तरी चालवून पाहा. ‘डिस्कवर जागा कमी आहे’ म्हणून ही जुनी सिस्टिम ज्यात असते तो विंडोज डॉट ओल्ड फोल्डर पहिल्याच दिवशी उडवणारे मी पाहिले आहेत.

बॅकअपबद्दल एकच: वनड्राइव्हशी (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीशी) सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे फाइल पुसली की तिथलीही जाते, आणि फुकटची जागा ५ जीबीच आहे. वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, डिस्क काढून कपाटात ठेवा.

‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं आलं की ‘तरीही पुढे जा’

विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. अशा जुन्या मशीनवर हळूहळू चांगल्या, प्रतिष्ठित साइटही सुरक्षेचा इशारा देऊ लागतात. साइट खराब झालेली नसते. साइटची ओळख पटवणारी मूळ प्रमाणपत्रं सिस्टिममध्ये जुनी झालेली असतात. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच एक मोठं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि जगभरच्या जुन्या उपकरणांवर अचानक साइट उघडेनाशा झाल्या. ‘तरीही पुढे जा’ ची बोटांना सवय लागली की खरा इशारा येईल तेव्हाही आपण पुढेच जाणार.

आधी घड्याळ पाहा. तारीख २००९ दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल गेलाय, तो बदलला की निम्म्या तक्रारी मिटतात. तारीख बरोबर असेल तर फायरफॉक्स वापरून पाहा, ते स्वतःची प्रमाणपत्रं सोबत बाळगतं. पण हा तात्पुरता इलाज. अशा मशीनवरून बँकेचं काम नको.

लिनक्स आणि मॅकला तारीख नसते असं वाटणं

लिनक्सलाही असते. उबंटू या लिनक्सच्या एलटीएस (लांब मुदतीच्या) आवृत्तीला मूळ सपोर्ट ५ वर्षांचा. २०.०४ चा मे २०२५ मध्ये संपला. सेंटओएस ७ या सर्व्हरवरच्या लिनक्सचा ३० जून २०२४ ला संपला, आणि ते अजूनही कित्येक सर्व्हरवर सुखाने नांदतंय. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकणं हा चांगलाच मार्ग आहे, पण आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह (डिस्कवर न टाकता) चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासा. अ‍ॅपल तर तारखा आधी जाहीरच करत नाही. साधारण शेवटच्या तीन आवृत्त्यांना सिक्युरिटी अपडेट मिळतात हा अनुभवाचा हिशेब. इंटेल प्रोसेसरवरच्या मॅकसाठी मॅकओएस टाहो ही शेवटची आवृत्ती असेल, एवढं मात्र त्यांनी सांगून टाकलं आहे.

एखादं मशीन जुन्या सिस्टिमवर ठेवण्यावाचून पर्यायच नसेल (एखाद्या यंत्राला जोडलेलं असतं, बदलता येत नाही) तर त्याची इंटरनेटची वायर काढा. नुसतं ब्राउझर न उघडणं म्हणजे ऑफलाइन नव्हे. वॉनाक्राय कुणी काही न उघडताच आतल्या नेटवर्कमधून पसरलं होतं.

आता त्या मित्राच्या डेस्कटॉपचं सांगायचं राहिलं. आखणी बदलली, टीपीएम चालू, सगळ्या फुल्या हिरव्या झाल्या. माझ्या पेन ड्राइव्हवरून विंडोज ११ चढवलं, चहा झाला, मी बूट घालून निघालोही होतो. सहज म्हणून विनव्हर केलं तर २३एच२. पेन ड्राइव्ह दोन वर्षांपूर्वीचा होता, आणि घरगुती २३एच२ चा सपोर्ट ११ नोव्हेंबर २०२५ ला संपलेला. मुकाट्याने बूट काढले आणि अपडेटला बसवून पुन्हा टक्केवारी मोजत बसलो.