मातीविना पालेभाजी: पेरणीच्या आधी करायची तयारी

मातीऐवजी पोषक द्रावणात पालेभाजी वाढवायची, म्हणजे हायड्रोपोनिक्स करायचे, तर घरात येणारे पाणी नेमके कुठून येते, याचा शोध पेटी, पाइप किंवा बियाणे विकत घेण्याच्या आधी घ्यावा. पुण्यात महापालिकेचे पाणी मुख्यतः खडकवासल्याच्या साखळी धरणांमधून येते आणि ते बऱ्यापैकी सौम्य असते. पण अनेक सोसायट्यांच्या टाकीत त्यात बोअरचे पाणी मिसळते आणि मार्चनंतर टँकरचेही. दख्खनच्या काळ्या खडकातून वर आलेल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट पुष्कळ असते, म्हणून ते जड असते आणि त्याचा सामू, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते सांगणारा पीएच, सतत वर चढू पाहतो. मातीत लावलेल्या रोपाची अशी बरीच उणीदुणी माती सांभाळून घेते. पाण्यात वाढणाऱ्या रोपाला असा आधार नसतो. पाण्यात जे आहे, ते थेट मुळांपर्यंत पोहोचते. म्हणून सलग पंधरा दिवस नळाच्या पाण्याची विद्युत वाहकता, जिला सगळे ईसी म्हणतात आणि जिच्यावरून पाण्यात किती क्षार विरघळले आहेत ते कळते, मोजून कागदावर लिहून ठेवावी आणि टँकर आला त्या दिवसापुढे खूण करावी. माझ्याकडे हा आकडा पावसाळ्यानंतर ०.२ मिलिसीमेन्सच्या आसपास असतो आणि एप्रिलमध्ये टँकर आला की १.१ वर जातो. लेट्यूसला पोषकद्रव्यांसकट एकूण १.२ च्या आसपास ईसी मानवते, हे लक्षात घेतले तर अडचण समजते: टँकरच्या पाण्यात खत घालायला जागाच उरत नाही.

अशा घरी आरओचे शुद्ध पाणी आणि नळाचे पाणी मिसळून वापरावे. आरओ यंत्राच्या नळीतून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी मात्र पोषक द्रावणासाठी अजिबात घेऊ नये, कारण गाळलेले सगळे क्षार त्यातच असतात. पाणी वाचवण्याच्या चांगल्या हेतूने अनेक जण हीच चूक करतात. ते पाणी फरशी पुसायला ठेवावे.

त्यानंतरची खरेदी दोन मीटरची: एक ईसीचा, दुसरा सामूचा. ईसीचा मीटर घेताना तो मिलिसीमेन्समध्ये आकडा दाखवतो याची खात्री करावी. नुसता पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत क्षारांचे किती भाग, दाखवणारा स्वस्त मीटर गोंधळात टाकतो, कारण १ मिलिसीमेन्सला काही मीटर ५०० पीपीएम म्हणतात आणि काही ७००. दुसऱ्याने सांगितलेला पीपीएमचा आकडा आपल्या मीटरवर लावला तर द्रावण सहज तिप्पट-चौपट नाही, पण दीडपट तीव्र होऊ शकते, आणि कोवळ्या पानांच्या कडा करपायला तेवढे पुरते. सामूच्या मीटरसोबत ४ आणि ७ च्या आसपासच्या सामूची बफर द्रावणे घ्यावीत व दर महिन्याला मीटर त्यांवर जुळवून घ्यावा. त्याचे काचेचे टोक कोरडे पडू देऊ नये आणि ते शुद्ध पाण्यातही बुडवून ठेवू नये; त्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचे साठवणीचे द्रावण मिळते, त्याचे चार थेंब टोपणात असावेत.

आता पोषकद्रव्ये. नवख्या माणसाने ए आणि बी अशा दोन बाटल्यांचे तयार द्रावण घ्यावे, हे माझे ठाम मत आहे. खतांच्या दुकानात सहज मिळणारे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात असलेले खत) पाण्यात पूर्ण विरघळते म्हणून ते हायड्रोपोनिक्सला चालेल असे वाटते, पण त्यातले निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असते. जमिनीतले जिवाणू युरियाचे रूपांतर करून तो पिकाला उपलब्ध करून देतात. स्वच्छ पाण्याच्या पेटीत ती यंत्रणा जवळपास नसते. शिवाय त्यात कॅल्शियम नसते, आणि कॅल्शियम कमी पडले की लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांची टोके तपकिरी होऊन जळतात.

बाटल्या दोन का असतात, हे मी एकदा घाई करून पाहिले आहे. मापाच्या पेल्यात ए ओतले आणि पेला न विसळता त्यातच बी ओतले. दोन्ही द्रावणे पारदर्शक होती. काही क्षणांत पेल्यात दूध नासावे तसा पांढरा चोथा तरंगू लागला आणि पाच मिनिटांत तळाशी बसला. ए मधले कॅल्शियम बी मधल्या फॉस्फेट व सल्फेटशी बांधले गेले होते, आणि असे बांधले गेलेले अन्न मुळांना घेता येत नाही. म्हणून आधी पेटीत पाणी भरावे, त्यात ए घालून नीट ढवळावे, पेला धुवावा आणि मगच बी घालावे. बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्यानेच सुरुवात करावी. रोप लहान असताना ०.८ ईसी पुरते, पुढे लेट्यूससाठी १.२ आणि पालकासाठी १.८ पर्यंत नेता येते. हे सगळे झाल्यावर, सर्वांत शेवटी, सामू मोजावा. तो ५.५ ते ६.५ च्या दरम्यान हवा, कारण त्याच्या वर लोह रोपाला मिळेनासे होते आणि नवी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. सामू उतरवण्यासाठी सौम्य केलेले फॉस्फोरिक आम्ल वापरतात. लिंबूसत्त्वानेही सामू उतरतो, परंतु जिवाणू ते खाऊन टाकतात आणि दोन दिवसांत आकडा पुन्हा वर येतो. आम्ल हाताळताना हातमोजे व चश्मा घालावा, नेहमी पाण्यात आम्ल घालावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये, आणि बाटलीवर ठळक अक्षरांत नाव लिहून ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कपाटात ठेवावी.

पद्धत कोणती निवडावी? पाइपांचे मांडव आणि उभे मनोरे दिसायला आकर्षक असतात, परंतु पहिल्या वर्षी ते घेऊ नयेत. हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅटकी यांनी रूढ केलेली, पंप आणि वीज दोन्ही न लागणारी पद्धत शिकण्यासाठी उत्तम आहे. झाकणाची २० लिटरची प्लॅस्टिकची पेटी घ्यावी, झाकणाला चार भोके पाडून त्यांत दोन इंची जाळीदार कुंड्या बसवाव्यात आणि द्रावण कुंड्यांच्या तळाला जेमतेम टेकेल इतके भरावे. रोप पाणी पीत जाते तशी पातळी उतरते, आणि वर मोकळ्या झालेल्या जागेत मुळांना हवा घेणारे बारीक तंतू फुटतात. पातळी उतरली म्हणून काळजीने पेटी पुन्हा काठोकाठ भरली, तर हेच तंतू बुडून रोप गुदमरते. लेट्यूसच्या एका गड्ड्याला साधारण चार लिटर पाणी लागते, म्हणून चार रोपांना २० लिटर पुरतात. कडक उन्हाच्या दिवसांत थोडी भर घालावी लागली, तर ती निम्म्या उंचीपर्यंतच घालावी. पेटी पारदर्शक असेल तर तिला बाहेरून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्यावा: काळ्याने प्रकाश अडतो आणि शेवाळ धरत नाही, पांढऱ्याने ऊन परतते.

डासांचा विचार आपल्याकडे कुणी लिहीत नाही, म्हणून तो मी मुद्दाम लिहीत आहे. डेंग्यू पसरवणारा एडीस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास बाहेर पडतात. क्रॅटकीची पेटी तर महिनाभर एका जागी स्थिर असते. झाकणाची प्रत्येक फट, न वापरलेले प्रत्येक भोक स्पंजने किंवा बारीक जाळीने बंद करावे, आणि आठवड्यातून एकदा झाकण उचलून विजेरीच्या उजेडात आत पाहावे. घरात लहान बाळ किंवा आजारी माणूस असेल तर ही दक्षता आधी, भाजी नंतर.

जागा ठरवताना चार-पाच तास ऊन मिळते का हे जसे पाहावे, तसे दुपारी पेटीतले पाणी किती तापते हेही पाहावे, कारण पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. माझी पहिली पेटी पश्चिमेच्या बाल्कनीत होती. मे महिन्यातल्या एका दुपारी वरची पाने पेटीत भरपूर पाणी असूनही माना टाकून बसली, म्हणून मी झाकण उचलले, तर पांढरीशुभ्र असलेली मुळे चहाच्या चोथ्याच्या रंगाची झाली होती, बोटाला बुळबुळीत लागत होती आणि नाल्यासारखा वास येत होता. पाण्याचे तापमान ३३ अंश होते. पिथियम नावाचा रोगकारक अशाच गरम, कोंडलेल्या पाण्यात माजतो आणि एकदा मुळे कुजू लागली की ते पीक टाकून पेटी ब्लीचने धुण्याखेरीज उपाय राहत नाही. तेव्हापासून मी सुरुवात कोजागिरीनंतरच करतो आणि फेब्रुवारीअखेर लेट्यूस थांबवतो. भाराचाही हिशेब करावा, एक लिटर म्हणजे एक किलो. दोन-तीन पेट्यांना अडचण नाही, पण पुढे २०० लिटरची टाकी ठेवायची झाल्यास इमारतीच्या अभियंत्याला विचारावे.

जाळीदार कुंड्यांत भरायचे कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, विकत आणल्यावर दोन-तीन पाण्यांनी धुवावे, कारण त्यात मिठाचा अंश असतो. पिळून काढलेल्या पाण्याची ईसी मोजली की किती धुवायचे ते कळते. लेट्यूसचे बी उष्णतेत रुजत नाही, म्हणून ओल्या कागदात गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवावे. आपला देशी पालक बिटाच्या कुळातला आहे, विलायती स्पिनचपेक्षा तो उष्णता अधिक सोसतो आणि नवख्याला यश देतो. त्याचे बी रात्रभर भिजवावे. पुदिन्याची तर काडी पाण्यात ठेवली तरी आठवड्यात मुळे फुटतात. कोथिंबीर आणि मेथी मात्र कुंडीतल्या मातीतच बरी.

सगळे जमले की बी भिजत घालण्याआधी पेटी नुसत्या पाण्याने भरून, खाली वर्तमानपत्राचा कागद अंथरून, ठरलेल्या जागी तीन दिवस ठेवावी. रोज सकाळी सामू आणि दुपारी तीन वाजता तापमान लिहावे. कागद कोरडा राहिला, सामू अर्ध्या अंकाहून अधिक हलला नाही आणि पाणी २५ अंशांच्या वर गेले नाही, तर त्या रात्री पालकाचे बी भिजत घालावे.