विणकाम, घरकाम आणि भटकंती एकाच दिवशी करताना या चुका टाळा

‘एवढी ओळ झाली की आलेच’ हे वाक्य मी दारात तयार उभ्या असलेल्या माणसांना इतक्यांदा ऐकवलंय, की ते कानावर पडताच सगळे पुन्हा खाली बसतात. एकदा मुद्दाम घड्याळ लावलं. 180 टाक्यांची ओळ, मध्ये दोनदा नक्षी मोजणं आणि एक चुकलेला टाका उसवून पुन्हा घेणं, एवढ्याला तब्बल बारा मिनिटं गेली. मी मनातल्या मनात दोन धरली होती.

वेळ कमी पडतो हे खरंच. पण आमच्याकडचे बहुतेक गोंधळ आठवून पाहिले, तर त्यांचं मूळ निराळंच निघतं. कुठलं तरी काम नको त्या ठिकाणी सोडून मी उठलेली असते. प्रत्येक कामात थांबायला सोयीच्या काही जागा असतात आणि काही अजिबात नसतात. विणकामात त्या ओळीच्या टोकाला असतात, शिवणकामात कापडावर कात्री चालवण्याआधी, धुण्यात मशिन सुरू करण्याआधी. हे कळायला मला बऱ्याच वस्तू वाया घालवाव्या लागल्या.

ओळीच्या मध्यात उठणं

दोन सुयांवरचं विणकाम अर्ध्या ओळीत ठेवलं, की परत हातात घेताना दिशा चुकते. उलट्या दिशेने विणत गेलात तर एका बाजूला दोन ओळी जास्त होतात आणि मध्ये भोक पडतं. ते लक्षात येतं चार बोटं विणून झाल्यावर. उठावंच लागलं तर एक खूण ध्यानात ठेवा: गुंड्याकडून येणारा धागा ज्या सुईवरच्या टाक्याला जोडलेला आहे, ती सुई परत येताना उजव्या हातात घ्यायची. ओळ पूर्ण करून ठेवली असेल तर मात्र टाक्यांनी भरलेली सुई डाव्या हातात. डावखुऱ्यांनी उलट धरून चालावं.

क्रोशाचं तसं सोपं आहे. शेवटचा फास लांब ओढायचा किंवा त्यात सेफ्टी पिन अडकवायची, म्हणजे पिशवीत ओढाताण झाली तरी काम उसवत नाही. भरतकामाची रिंग मात्र काढूनच ठेवावी. दिवसेंदिवस ताणून ठेवलेल्या कापडावर गोल वळ उठतो आणि त्या वळात धूळ बसते.

आणि चिठ्ठी. मी आता कामाला टाचणीने चिठ्ठी लावते: ‘ओळ 47, सुलट बाजू, पुढे दोन टाके एकत्र’. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, वैतागातून सुचलं. नंतर वाचनात आलं की यावर संशोधनही झालंय. सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये दाखवलं, की अपुरं काम सोडून दुसऱ्याकडे वळलं तरी लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो. पुढे 2018 मध्ये त्यांनी थेरेसा ग्लोम्ब यांच्यासोबत असंही मांडलं, की उठण्यापूर्वी ‘कुठवर आलो आणि परतल्यावर काय करायचं’ एवढं लिहून ठेवलं तर तो भाग बराच सुटतो. त्यांचं संशोधन ऑफिसच्या कामाबद्दल होतं, पण बागेत पोरांबरोबर झोपाळ्यापाशी उभं राहून मनात टाके मोजणाऱ्या बाईला ते तंतोतंत लागू पडतं.

निघायच्या तोंडावर ओलं काम काढणं

विणकाम निदान वाट बघतं. गोंद, रंग आणि माती वाट बघत नाहीत. कागदकामाचा आणि लाकूडकामाचा पांढरा गोंद साधारण अर्ध्या तासात धरतो, पण पूर्ण ताकद यायला 24 तास लागतात. अर्ध्या तासाने चिमटे काढून ‘झालं की’ म्हणत पोराच्या हातात दिलेलं खेळण्यातलं घर गाडीतच उकलतं. ॲक्रिलिक रंगाची गंमत उलटी. पातळ थर वीस-तीस मिनिटांत सुकतो आणि ब्रशवरचाही तेवढ्याच वेळात. एकदा सुकला की पाण्यात विरघळत नाही, आणि ब्रश कायमचा काटक्यासारखा होतो. धुवायला वेळ नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून वर प्लॅस्टिकची पिशवी बांधा. पाण्याच्या पेल्यात उभा करून जाऊ नका. केस वाकतात ते वाकतातच.

माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक यातलीच, फक्त ओल्याऐवजी उडून जाणाऱ्या शाईची. कापडावर खुणा करायला एक पेन मिळतं, ज्याची शाई हवेने आपोआप नाहीशी होते. फ्रॉकचे सगळे तुकडे मी एका संध्याकाळी कापले, चुण्या, खिसा, बटणांच्या जागा अशा मोजून मोजून खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही टेकडीवर गेलो, तिसऱ्या दिवशी पसारा आवरला. चौथ्या दिवशी शिवायला बसले तर कापड कोरं! काही शाया तासाभरात जातात, काही दोन दिवसांत, दमट हवेत आणखी लवकर. एका बैठकीत संपणार नसेल तर खडू वापरा, नाहीतर कच्च्या दोऱ्याचे टाके घाला. पाण्याने जाणाऱ्या शाईच्या खुणा टिकतात, पण त्यावर धुण्याआधी इस्त्री फिरवलीत तर उष्णतेने डाग पक्का होऊ शकतो.

तेव्हा बाहेर पडायला दोन तास असतील तर कापा, मोजा, धागे गुंडाळा, रंगाच्या कागदावर पेन्सिलीने आखून ठेवा. ओलं काम परत आल्यावर काढा आणि ते रात्रभर सुकू द्या. गोंदाची बंदूक नि इस्त्री यांचं मी सांगायला नको, पण सांगतेच: प्लग काढल्याचं डोळ्याने बघून मग दार लावा.

‘आधी सगळं आवरते, मग निघू’

घर सगळं आवरून कधीच होत नाही. भांडी झाली की ओटा दिसतो, ओटा पुसला की फरशी दिसते. तोवर मुलं कंटाळतात, ऊन चढतं, आणि निघताना जो तो चिडलेला असतो. मी निघण्याआधी आता दोनच गोष्टी बघते: ज्याचा वास येईल ते आणि परतल्यावर जी जागा लगेच लागेल ती. म्हणजे कचरा बाहेर, खरकटं धुतलेलं आणि जेवणाचं टेबल मोकळं. टेबलाचा मुद्दा छंदवाल्यांनी विशेष मनावर घ्यावा. दमून आलेली चार माणसं, आणि टेबलभर टाचण्या लावलेलं कापड. मग कोणीतरी ते ‘जरा बाजूला’ करतं आणि टाचण्या सोफ्यावर सापडतात. बसल्यावर.

यावर उपाय अगदी साधा निघाला, तो म्हणजे मोठा ट्रे. चालू काम ट्रेवरच करायचं आणि उठताना ट्रेसकट कपाटावर ठेवायचं. टाचण्या मोजून काढा, मोजून ठेवा. लहान मूल घरात असेल तर हा नियम सैल करू नका.

दुसरी सवय म्हणजे निघता निघता वॉशिंग मशिन लावणं. आपण बाहेर तीन तासांचे सहा करतो आणि कपडे ड्रममध्ये ओले पडून राहतात. तो कुबट वास जिवाणूंचा असतो. सुगंधी द्रावण ओतून तो फक्त झाकला जातो, कपडे पुन्हा ओले झाले की हजर. मशिनला उशिरा सुरू होण्याची सोय असेल तर परतण्याच्या वेळेला संपेल असं लावा. नसेल तर परतल्यावरच लावा, हेच बरं. पाण्याचा पाइप सुटला तर घरात माणूस असतं.

धुणं आणि छंद यांची गाठ पडते तिथे मात्र डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. मी विणलेली लोकरीची टोपी फिरून आल्यावर धुण्याच्या टोपलीत पडली, टोपलीतून मशिनमध्ये गेली, गरम पाण्याच्या फेरीत. बाहेर आली ती बाहुलीच्या मापाची. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओलावा, उष्णता आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात, कापड आक्रसतं, जाड होतं आणि पुन्हा सुटत नाही. लेबलवर मशिनमध्ये धुता येईल असं लिहिलेली लोकर वेगळी, तिच्यावर प्रक्रिया केलेली असते. ती टोपी मी फेकली नाही. आक्रसलेली लोकर कापली तरी धागे सुटत नाहीत, म्हणून तिची कात्रीची म्यान शिवली. हातविणीच्या कपड्यांना आमच्याकडे आता वेगळी पिशवी आहे.

याच गाठीचा एक फायदाही आहे. शिवायचं सुती कापड आधी धुऊन आटवावं लागतं, नाहीतर शिवलेला कपडा पहिल्याच धुण्यात आखूड होतो. कडांना झिगझॅग शिलाई मारून ते घरच्या धुण्यात टाका, वेगळा खटाटोप नको. नवा गडद रंग असेल तर मात्र पहिली धुलाई एकट्याची.

सगळ्यात चांगल्या दिवसाचा अंदाज धरणं

रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी संपेल असं विचारलं होतं. त्यांनी सरासरी 33.9 दिवस सांगितले. प्रत्यक्षात लागले 55.5. सगळं बिनसलं तर किती लागतील, हेही विचारलं होतं; सरासरी उत्तर आलं 48.6. म्हणजे मुद्दाम वाईट धरूनही अंदाज कमीच पडला. या खोडीला डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये नाव दिलं होतं, मराठीत आपण तिला नियोजनाचा भ्रम म्हणू.

‘किती वेळ लागेल’ असं स्वतःला विचारलं की मन चांगला दिवस डोळ्यासमोर आणतं. त्यापेक्षा ‘मागच्या वेळी किती लागला’ हे विचारा. म्हणून मी घड्याळ लावून मोजते. बाकी हिशेब परतीच्या वेळेवरून मागे मागे करावा. घरी कधी पोचायचं, तर तिथून कधी निघायचं, तर पोचायचं कधी. तिथे किती वेळ हातात उरतो हे बघितलं की अर्धे बेत आपोआप लहान होतात. संग्रहालय असेल तर साप्ताहिक सुट्टी आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ दोन्ही बघा. बंद होण्याची वेळ ही शेवटच्या प्रवेशाची वेळ नसते.

बाहेर नेण्यासाठी चुकीचं काम निवडणं

बाहेर न्यायचं काम पाठ असलेलं, लहान आणि एका रंगाचं हवं. क्रोशाचे चौकोन, मोजा, साधी पट्टी. नक्षीचा तक्ता उलगडावा लागणारं काम घरीच बरं. बाहेर हात वेगळाच चालतो, हेही लक्षात ठेवा. घरी 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके बसत असतील आणि गाडीत हात घट्ट होऊन 24 बसले, तर 110 टाक्यांचा भाग 50 ऐवजी 46 सेंटिमीटरच भरतो. स्वेटरचा पुढचा भाग घरी आणि मागचा प्रवासात विणलात, तर जोडताना कळेल.

आणि मुलांकडे बघायची पाळी आपली असेल तेव्हा सुया पिशवीतच राहू द्याव्यात. पाण्याच्या काठी तर नक्कीच.

‘जाता जाता’ची कामं हा वेगळा रोग आहे. जाता जाता दोरा, जाता जाता दुरुस्तीला टाकलेली वस्तू, जाता जाता आणखी कुणाकडे. मुलांच्या दृष्टीने ती सहल राहत नाही, पिशव्या सांभाळण्याची ड्यूटी होते. आमच्याकडे करार आहे: एका खेपेला एकच काम, ते निघण्याआधी सगळ्यांना सांगितलेलं.

बिघडलंच असेल तर

टाका निसटलाय पण आत्ता वेळ नाही: त्यात सेफ्टी पिन अडकवा आणि उठा. नंतर क्रोशाच्या सुईने ओळीओळीने वर आणता येतो. गडबडीचे दिवस येणार हे माहीत असेल, तर बरोबर असलेल्या एका ओळीच्या सगळ्या टाक्यांमधून वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा ओवून ठेवा. पुढे कितीही उसवावं लागलं तरी काम त्या दोऱ्याशी थांबतं.

लोकर कमी पडली आणि नव्या गुंड्याचा लॉट नंबर (लोकर रंगवलेल्या खेपेचा क्रमांक) वेगळा निघाला: थेट जोडू नका, रेघ दिसते. थोडं उसवून दोन ओळी जुन्या, दोन ओळी नव्या असं आलटून पालटून विणा, फरक विरून जातो.

रिंगचा वळ बसलाय: कापड ओलसर करा, भरतकाम पालथं जाडसर टॉवेलवर ठेवा, मागून इस्त्री करा.

कपड्यांना वास लागलाय: कापडाला सोसेल तेवढ्या गरम पाण्यात पुन्हा धुवा आणि लगेच मोकळ्या हवेत पसरा.

बेतच रद्द झाला, पाऊस आला, कुणाला ताप आला: भरलेली पिशवी लगेच रिकामी करू नका, पुढच्या वेळचा निम्मा वेळ वाचतो. आणि मोकळी झालेली दुपार निमूट घरकामाच्या घशात घालू नका. मागच्या महिन्यात आमचं असंच राहून गेलं, तेव्हा मुलीने जमिनीवर मोठं जिगसॉ मांडलं. रात्री झोपायला जाताना त्यावर चिठ्ठी होती: ‘फक्त कडा झाल्यात. निळे तुकडे डब्याच्या झाकणात. आईने आवरू नये.’